गंभीर नाटक एडिंबऱ्याला न्यायचं तर आधी मध्यंतर विसरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं त्याला धरून राहील. तुमची कोल्हापूरची हौशी संस्था आहे. दोन अंकी नाटक, पाच पात्रं, मध्यंतर धरून एक तास पन्नास मिनिटं. १९८२च्या गिरणी संपात नोकरी गेलेला बाप, त्यानं केलेली आत्महत्या, आणि चाळीस वर्षांनी सोडतीत घर लागलेली त्याची बायको. किल्ली हातात येते त्याच संध्याकाळी तिन्ही मुलं चाळीतल्या खोलीत जमतात, शेजारच्या काकूही येऊन बसतात, आणि नाटक तिथून सुरू होतं. हे स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्यात दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या फ्रिंज या कलामहोत्सवाला नेता येईल का, तिथे विनोदीच चालतं हे खरं का, इंग्रजीत करावं का, आणि नेपथ्याचं व पैशांचं काय, हे तुम्ही विचारलं आहे.

मी गेली चौदा वर्षं दर ऑगस्टमध्ये एडिंबऱ्यात नाटकांची तांत्रिक बाजू सांभाळते. त्याआधी पुण्यात बरीच वर्षं एकांकिकांच्या बॅकस्टेजला होते. त्यामुळे तुमचं नाटक कुठे अडखळेल हे मला दोन्ही बाजूंनी दिसतं.

गंभीर नाटक तिथे चालतं. पण तुमचं नाटक आज ज्या आकारात आहे, त्या आकारात चालणार नाही. कारण विषयात नाही, घड्याळात आहे.

आधी विनोदीबद्दल. कार्यक्रम पुस्तिकेत सर्वांत जाड विभाग विनोदी कार्यक्रमांचा असतो, हे खरं. पण फ्रिंजचा जन्म नाटकातून झाला. १९४७ साली एडिंबऱ्याचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या न बोलावता आल्या आणि मुख्य महोत्सवाच्या कडेला मिळेल त्या जागी प्रयोग करून गेल्या. त्या कडेवरूनच ‘फ्रिंज’ हे नाव पडलं. पुढे १९६६ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी क्रॅन्स्टन स्ट्रीटवरच्या एका सभागृहात टॉम स्टॉपर्ड या तेव्हा फारसं कुणाला माहीत नसलेल्या लेखकाचं नाटक केलं आणि पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरनं रंगमंचावर आणलं. २००६ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रंगभूमीनं इराकमधून परतलेल्या स्कॉटिश सैनिकांवरचं ‘ब्लॅक वॉच’ केलं, तेही थिएटरात नाही, एका जुन्या ड्रिल हॉलमध्ये. प्रेक्षक दोन बाजूंना समोरासमोर आणि मधल्या पट्ट्यात सैनिक. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ साली याएल फार्बर या दिग्दर्शिकेनं ‘निर्भया’ उभं केलं. त्यातल्या कलावंत स्त्रिया स्वतःवर झालेले अत्याचार स्वतःच्या तोंडून सांगत होत्या. ते मी असेम्ब्ली हॉलमध्ये पाहिलं. प्रयोग संपला तरी माणसं खुर्च्यांतून उठत नव्हती. बाहेर रस्त्यावर जादूगार, बॅगपाइप, टाळ्या, आणि आत ही शांतता. त्या शहराला दोन्ही पेलतं.

तेव्हा विषय जड आहे म्हणून घाबरू नका. स्कॉटलंडच्या प्रेक्षकाला संप म्हणजे काय हे तर समजावूनही सांगावं लागत नाही. १९८४-८५चा खाणकामगारांचा संप ज्यांनी घरात भोगला, अशी माणसं तुमच्या समोर बसलेली असतील. क्लाइड नदीकाठच्या गोद्या, रेव्हन्सक्रेगचा १९९२ साली बंद झालेला पोलाद कारखाना, डंडीच्या ज्यूट गिरण्या, हे सगळं त्यांच्या घरच्या बोलण्यात आहे. तुमच्या पहिल्या अंकात थोरला मुलगा संपाचे पुढारी दत्ता सामंत कोण, अडीच लाख कामगार कसे बाहेर पडले, गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, हे धाकट्याला आठ-नऊ मिनिटं सांगतो. ते मी संहितेत वाचलं. ते तिथे नको. खरं सांगायचं तर कोल्हापुरातही नको. धाकटा त्याच घरात वाढला आहे, त्याला ते माहीत असणारच. तो उतारा प्रेक्षकासाठी आहे, हे प्रेक्षकाला कळतं.

आता घड्याळ. फ्रिंजमधल्या बहुतेक जागा दिवसभर तासाच्या हिशोबानं चालतात. एका खोलीत सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत आठ-नऊ वेगवेगळे कार्यक्रम. तुम्हाला साधारण साठ मिनिटांचा तुकडा मिळतो, आणि त्यानंतर पुढच्या गटाच्या आधी पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत तुमचं सामान बाहेर, त्यांचं आत, आणि प्रेक्षकांची अदलाबदल. प्रेक्षक आत येऊन बसायला चार-पाच मिनिटं जातात. म्हणजे प्रत्यक्ष नाटक बावन्न-त्रेपन्न मिनिटांचं. वेळ ओलांडली तर काही जागा दंड लावतात, काही ठिकाणी तंत्रज्ञ सरळ दिवे लावून मोकळा होतो. पंचाहत्तर किंवा नव्वद मिनिटांचे तुकडेही मिळतात, पण ते महाग पडतात. शिवाय बाहेरून आलेल्या नव्या गटासाठी प्रेक्षक दीड तास राखून ठेवत नाही, कारण त्याला त्या दिवसात आणखी तीन नाटकं पाहायची असतात.

इथे बहुतेक मराठी गट एकच चूक करतात. संहिता घेऊन बसतात आणि प्रत्येक पानावरून चार-चार वाक्यं काढतात. नाटक तेच राहतं, फक्त धापा टाकत पळतं. काही वर्षांपूर्वी एका गटाला मी मदत करत होते. बाप-मुलीचं नाटक, फार सुंदर लिहिलेलं. त्यांनी शंभर मिनिटांचं पंचावन्न मिनिटांवर आणलं, पण वाक्यांमधल्या जागा गाळून. बाप मेल्याचं कळल्यावर मुलगी जी दहा सेकंद गप्प उभी राहायची, ती तीन सेकंदांवर आली. पहिल्या दोन प्रयोगांत लोक विनम्रपणे टाळ्या वाजवून गेले. तिसऱ्या रात्री आम्ही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसलो आणि दिग्दर्शकानं मामाचं पात्रच काढून टाकलं. अख्खं पात्र, चौदा मिनिटं. ती दहा सेकंद परत आली. चौथ्या दिवशी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी प्रयोग चालू असताना शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला होता. मामाचं काम करणारा नट त्या दिवसापासून ध्वनी सांभाळू लागला, आणि हे त्यानं ज्या मोठ्या मनानं केलं ते मी विसरलेली नाही.

तुमच्या नाटकात काय काढायचं हे ठरवायला एक गोष्ट लक्षात घ्या. आपलं दोन अंकी नाटक मध्यंतराभोवती बांधलेलं असतं. पहिल्या अंकाचा पडदा पडताना काहीतरी धक्का हवा, म्हणून तिथे कुणीतरी येतं, काहीतरी सापडतं, कुणीतरी ‘मी घर विकणार’ म्हणतं. दुसरा अंक उघडला की बटाटवडा खाऊन परत आलेल्या प्रेक्षकाला पुन्हा आत ओढायचं असतं, म्हणून पहिली पाच-सात मिनिटं झालेल्या गोष्टीचीच उजळणी चालते. मध्यंतर गेलं की ही दोन्ही यंत्रं निरुपयोगी होतात. तुमच्या संहितेत ती दोन्ही ठळक आहेत. पडद्याआधी थोरल्या सुनेचा फोन, आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला काकूंचं ‘काय गं, काय झालं मघाशी?’ हे दोन्ही काढलं की वीस मिनिटं आपोआप जातात आणि नाटकाला कुठेही जखम होत नाही.

आपल्याकडे यासाठी शब्दही आहे आणि परंपराही. दीर्घांक, म्हणजे मध्यंतराशिवाय सलग चालणारं एका अंकाचं नाटक. तुम्ही दोन अंकी नाटक छोटं करत नाही आहात, एक दीर्घांक नव्यानं लिहीत आहात, असं समजून लेखकाला बसवा. माझ्या मते तो तुमच्या आजच्या दुसऱ्या अंकाच्या मध्यावर सुरू व्हायला हवा, आई किल्ली ओच्यात लपवते तिथे. प्रेक्षकानं पहिल्या मिनिटाला किल्ली पाहिली, आणि मुलांना ती कुठे आहे हे माहीत नाही. एवढ्यावर बावन्न मिनिटं चालतात. काकू राहू द्या का? तालमीत एकदा त्यांच्याशिवाय करून पाहा. मला वाटतं त्यांची दोनच वाक्यं खरी गरजेची आहेत आणि ती मुलीच्या तोंडी जातील.

नेपथ्याकडे वळते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खिडकीची चौकट आहे, मोरी आहे, माळा आहे, दोन लेव्हल्स, म्हणजे उंच चौथरे, आहेत. यातलं काही येणार नाही. पंधरा मिनिटांत ते लागणार नाही, ठेवायला जागा मिळणार नाही, आणि विमानात पाठवायचा खर्च नाटकाच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त होईल. बहुतेक खोल्यांमध्ये मागे काळा पडदा, चार बाय चार मीटरच्या आसपास जागा, आणि सामानासाठी एखादा कोपरा. दिवे सगळ्या गटांना सामाईक असतात. तुम्हाला एक साधारण उजेड आणि दोन-चार स्पेशल, म्हणजे ठरावीक जागेवर टाकलेले दिवे, मिळतील, त्यातला एखादा तुमच्या मर्जीनं वळवता आला तर नशीब. तांत्रिक तालीमही एकच, तीन-चार तासांची, आणि त्यात दिव्यांचे आणि ध्वनीचे सगळे क्यू, म्हणजे कुठे काय चालू-बंद व्हायचं ते, बसवायचे. पुन्हा संधी नाही, कारण उद्या त्या खोलीत दुसऱ्या कुणाची तांत्रिक तालीम असते.

पुरुषोत्तम करंडकात किंवा कुठल्याही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वाढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. घड्याळ लावून नेपथ्य उभं करणं, मोकळ्या रंगमंचावर नटानं खिडकी उघडून दाखवणं, हे आपल्या पोरांच्या हातात असतं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकांची जी चळवळ घडली, तीही धड रंगमंच नसलेल्या जागेतच घडली. एडिंबऱ्यात मी अनेक देशांचे गट पाहिले आहेत. पंधरा मिनिटांत जागा रिकामी करण्यात एकांकिकावाल्या मराठी मुलांचा हात धरणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

तुमच्यासाठी माझी सूचना अशी. सगळं नेपथ्य एका पत्र्याच्या ट्रंकेत आणा. बापाची ट्रंक नाटकात आहेच, त्यात त्याचं गिरणीचं ओळखपत्र आहे. तीच पलंग होईल, तीच ओटा, मुलं भांडताना तिच्याच दोन बाजूंना बसतील. तिच्यातून निघणारी प्रत्येक वस्तू, पितळी डबा, धोतर, पगाराची पाकिटं, बाहेर येत जाईल तसतशी खोली उभी राहील. शेवटी सगळं परत आत टाकून झाकण लावलं की तुमचं नाटकही संपलं आणि तुमचं सामानही आवरलं. सामान आवरणं हाच शेवटचा प्रसंग व्हावा, असं मला मनापासून वाटतं. आई घर सोडते आहे, तिनं आवरणंच स्वाभाविक आहे.

आगीच्या नियमांबद्दल आत्ताच सावध करते, कारण ऐन तांत्रिक तालमीत हे कळलं की रडायची वेळ येते. रंगमंचावर येणारं कापड, पडदा, कागद अग्निरोधक केलेलं असावं लागतं आणि त्याचा पुरावा मागितला जातो. बापाच्या फोटोपुढचा दिवा, उदबत्ती, वातीचा स्टोव्ह, यातलं काहीही आगाऊ लेखी परवानगीशिवाय पेटवता येणार नाही आणि लहान जागा ती देतच नाहीत. विजेवरची वात आणा. थोरला मुलगा बिडी ओढतो, तेही बंद. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला मनाई आहे आणि त्या कायद्यात नटाला सवलत नाही. त्याच वर्षी चर्चिलची भूमिका करणारे मेल स्मिथ यांनाही फ्रिंजमधल्या नाटकात सिगार ओढता आला नव्हता. तुमच्या मुलानं न पेटवलेली बिडी बोटांत फिरवत ठेवली तर ते उलट जास्त बोलेल.

गंभीर नाटकवाल्यांना जागा दाखवताना मी सगळ्यांत आधी भिंतीवर टकटक करून पाहते. कितीतरी जागा म्हणजे विद्यापीठाचे वर्ग, चर्चची सभागृहं, हॉटेलच्या बैठकीच्या खोल्या. मधे पातळ फळी आणि पलीकडे स्टँडअप. तुमची आई ‘तो पंख्याला लटकला होता तेव्हा मी नळावर होते’ म्हणते आणि पलीकडून शंभर माणसांचं हसू येतं. हे होतंच. त्यावर उपाय दोन. एक, जागा निवडताना आजूबाजूला त्या वेळी काय आहे हे विचारा, हा प्रश्न विचारायला लाजू नका. दुसरा उपाय नाटकात आहे. निखळ शांततेला भिंतीपलीकडचा आवाज फाडतो, पण शांततेत एखादा बारीक आवाज चालू असेल तर कान त्याला धरून बसतात. तुमच्याकडे तो आहे. नळाचं थेंब थेंब पाणी. ते आज फक्त सुरुवातीला आहे, ते आईच्या त्या बोलण्याखाली आणा. आणि गिरणीचा भोंगा तीन ठिकाणी आहे, तो एकदाच ठेवा, अगदी अखेरीस, इतका उशिरा की तोवर लोकांना तो ऐकू न येण्याची सवय झालेली असेल.

आणि तोफ. एडिंबऱ्याच्या किल्ल्यावरून रविवार सोडून रोज दुपारी बरोबर एक वाजता तोफ उडते. मध्यवस्तीत ती खोलीच्या आतही ऐकू येते. माझ्या एका गटाचा प्रयोग सव्वाबाराला सुरू व्हायचा. पंचेचाळिसाव्या मिनिटाला रंगमंचावर काही नाही, फक्त एक माणूस पत्र वाचतोय, आणि धडाम. पहिल्या दिवशी नट दचकला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं त्याला सांगितलं, दचक, खिडकीकडे बघ, मग पुढचं वाच. तीन आठवडे तो रोज त्या तोफेसह पत्र वाचत होता, आणि रविवारी तोफ नसायची तेव्हा त्याला चुकल्यासारखं व्हायचं. दुपारची वेळ घेतलीत तर हे ध्यानात असू द्या.

वेळ मात्र दुपारचीच घ्या, किंवा सकाळी उशिराची. रात्री नऊनंतर शहर प्यायला आणि हसायला बाहेर पडतं. नाटक ऐकायला येणारा प्रेक्षक, निवृत्त शिक्षिका, ग्रंथालयात काम केलेली माणसं, नाट्यशास्त्राचे विद्यार्थी, समीक्षक, हे दिवसा येतात. ट्रॅव्हर्स हे १९६३ साली सुरू झालेलं नव्या नाटकांचं थिएटर ऑगस्टमध्ये सकाळी दहापासून प्रयोग लावतं आणि ते भरतात. आपल्याला सकाळी दहाला शोकांतिका हे विचित्र वाटतं, तिथे ती नेहमीची गोष्ट आहे.

भाषेचा प्रश्न. मी तुम्हाला मराठीतच करा असं सांगेन, मागे पडद्यावर इंग्रजी उपशीर्षकं लावून. इंग्रजी भाषांतर चांगलं झालं तरी तुमच्या नटांच्या जिभेवर ते परकं राहील आणि चाळीतली आई व्याख्यान दिल्यासारखी बोलेल. पण उपशीर्षकं लावायची तर संवाद विरळ करावे लागतात. प्रेक्षक एकाच वेळी वाचतो आणि बघतो. तिघं भावंडं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात तो प्रसंग जसाच्या तसा ठेवा, पण त्याखाली एकच ओळ दाखवा: ‘ते पैशांवरून भांडत आहेत.’ उरलेलं चेहरे सांगतात. उपशीर्षकं चालवणारी व्यक्ती मराठी जाणणारी आणि पहिल्या तालमीपासून सोबत असलेली हवी, कारण नटानं एक वाक्य गाळलं की तिला क्षणात पुढे सरकावं लागतं. तुमच्या पाचांपैकी काकूंचं काम करणाऱ्या बाई, जर ते पात्र गेलं तर, हे काम उत्तम करतील.

निवडीबद्दल एक गैरसमज दूर करते. ‘आमची फ्रिंजला निवड झाली’ असं कुठे छापू नका. फ्रिंजची संस्था कुणाचीही निवड करत नाही, नाकारतही नाही. नोंदणी शुल्क भरलं आणि जागा मिळाली की तुम्ही फ्रिंजमध्ये. निवड करतात त्या जागा. ट्रॅव्हर्स, समरहॉल, असेम्ब्ली, प्लेझन्स यांच्याकडे संहिता आणि ध्वनिचित्रफीत पाठवावी लागते, आणि गंभीर नाटकासाठी मी पहिली चिठ्ठी समरहॉलला लिहीन. ते पूर्वी पशुवैद्यक महाविद्यालय होतं, शरीररचनेच्या व्याख्यानाची उतरत्या लाकडी बाकांची खोली तिथे अजून आहे. तिथे जाणारा प्रेक्षक काहीतरी अवघड बघायच्या तयारीनं जातो. आणि संहिता कुणी तपासत नाही. ब्रिटनमध्ये नाटकांची पूर्वतपासणी १९६८ साली कायद्यानं संपली. आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची सवय झालेल्या लेखकाला त्या मोकळेपणाचा पहिल्यांदा थोडा धाक वाटतो, कारण आता वाक्य का काढलं याचं कारण दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. आत्महत्येचा उल्लेख असल्याची सूचना मात्र जाहिरातीत आणि दारावर द्या. ती तपासणी नसते, प्रेक्षकाशी राखलेला सरळपणा असतो.

पैसे. हिशोबाचं उदाहरण देते, आकडे तुमच्या जागेप्रमाणे बदला. पन्नास खुर्च्या, वीस प्रयोग, तिकीट बारा पौंड. तीस टक्के खुर्च्या भरल्या तर तीनशे तिकिटं, ३,६०० पौंड. जागेनं चाळीस टक्के घेतले तर तुमच्या हातात २,१६० पौंड, आणि तेही महोत्सव संपल्यावर काही आठवड्यांनी. सहा जणांचं ऑगस्टमधलं तीन आठवड्यांचं एडिंबऱ्यातलं राहणं यात निघत नाही, विमान तर दूरच. म्हणून पहिल्या वर्षी पूर्ण मुक्काम धरू नका. काही जागा एका आठवड्याचे प्रयोग देतात, सहा दिवस. तेवढंच घ्या. समीक्षक कमी येतील, पण घर गहाण पडणार नाही. एडिंबऱ्याला येताना वाटेत लंडनला एक प्रयोग करा. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि तो प्रयोग मराठी प्रेक्षकासमोर तुमची शेवटची रंगीत तालीम ठरेल. व्हिसासाठी प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो आणि एखादा नाकारला जाऊ शकतो, म्हणून आई सोडून प्रत्येक भूमिकेला दुसरा नट तयार ठेवा. आईला पर्याय नाही, तिचा अर्ज सर्वांत आधी भरा.

प्रेक्षक कमी येतील, याची तयारी आतापासून करा. अकरा माणसांसमोर हे नाटक करावं लागेल, एखाद्या पावसाळी मंगळवारी चार जणांसमोरही. विनोदी कार्यक्रमात चार माणसं म्हणजे संकट, कारण हसू पिकत नाही. गंभीर नाटकाचं तसं नाही. चार माणसं तीन फुटांवर बसलेली असताना आईनं आवाज खाली आणला, तर जे घडतं ते हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात घडत नाही. पण त्यासाठी नटांना आवाज खाली आणता यायला हवा. तुमच्या ध्वनिचित्रफितीत सगळे जण शेवटच्या रांगेसाठी बोलत आहेत. केशवराव भोसले नाट्यगृहाची सवय असलेल्या कोल्हापूरच्या नटांचं हे होणारच. मला सर्वांत जास्त काळजी याची आहे, नेपथ्याची आणि पैशांची नाही.

आणि नटांची काळजी घ्या. रोज दुपारी एकाच वेळेला बापाचं मरण पुन्हा जगायचं, पंधरा मिनिटांत सामान उचलायचं, आणि लगेच रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर जाऊन हसतमुखानं पत्रकं वाटायची, हे माणसाला आतून पोखरतं. आईचं काम करणाऱ्या बाईंना प्रयोगानंतर अर्धा तास कुणीही काही काम सांगू नये, हा नियम करा. सामान इतरांनी आवरावं. पत्रक वाटताना नाटक समजावत बसू नका. ‘चाळीस वर्षांनी तिला घराची किल्ली मिळते, आणि ती लपवते.’ एवढंच सांगा आणि पत्रक हातात द्या. लोक विचारतात, का लपवते? मग वेळ आणि जागा सांगायची.

जागांचे अर्ज साधारण हिवाळ्यात सुरू होतात आणि चांगल्या वेळा लवकर जातात. त्याआधी एक करून पाहा. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर चार बाय चार मीटरचा चौकोन चिकटपट्टीनं आखा. बारा खुर्च्या त्याला टेकवून मांडा, त्यांवर नाटकातलं कुणीही ओळखत नाही अशी बारा माणसं बसवा. शेजारच्या खोलीत मोठ्यानं एखादा विनोदी कार्यक्रम लावून ठेवा. ट्रंक हॉलच्या दाराबाहेर. घड्याळ लावा आणि ट्रंक आत आणण्यापासून ती परत बाहेर नेण्यापर्यंत सगळं करा. किती मिनिटं लागली, आणि त्या बारा जणांपैकी कितींना आईचं नळावरचं वाक्य नीट ऐकू आलं, हे दोन आकडे मला कळवा. जमलं तर ट्रंकेचं भरलेलं वजनही करून ठेवा. विमानाच्या सामानासाठी धरलेल्या तेवीस किलोंच्या वर गेलं तर पितळी डबा घरी ठेवावा लागेल, आणि त्या डब्याशिवाय तो प्रसंग कसा होईल हे आपण मिळून बघू.